पेशींनी केलेली चुगली

धाडकन दार उघडलं आणि माझ्या तीन दिवसांच्या कामावर उजेड सांडला.

"दार लावा आधी!" मी किंचाळले.

"बाहेरून लावू की आतून?"

आता असं विचारणाऱ्या माणसाचं काय करायचं? तो आत आला, दार लावलं आणि लाल दिव्याच्या अंधुक उजेडात हत्यारांची पिशवी पोटाशी धरून उभा राहिला. मायक्रोस्कोप दुरुस्त करायला आला होता. 'आत येऊ नका' सांगणारा बाहेरचा दिवाच बंद पडला होता, त्यात त्याचा काय दोष! पण हे मी कशाला कबूल करू?

"लाल उजेड चालतो आणि पांढरा चालत नाही?" त्यानं हळूच विचारलं.

"या डिशमध्ये स्नायूंच्या पेशी आहेत. शेवाळातलं एक प्रथिन हवं तसं बदलून मी त्यांच्यात बसवलंय. निळा उजेड पडला की पेशी मुठीसारखी आवळते, उजेड गेला की सुटते. पांढऱ्या उजेडात निळा असतोच. लाल मात्र तिला दिसतच नाही."

"म्हणजे तुमच्या इशाऱ्यावर चालणार. मग हृदयाच्या पेशी का नाही घेतल्या?"

"हृदय आपल्याच तालात चालतं, कुणाचं ऐकत नाही. पोटरीचा स्नायू गुणी असतो."

"माझं हृदयही गुणी होतं..." तो म्हणाला, "पाच मिनिटांपूर्वीपर्यंत."

"भिंग पुसा," मी म्हणाले. बरं झालं, लाल दिव्यात गाल लाल झालेले कळत नाहीत.

दोन दिवसांचं काम त्यानं आठवडाभर पुरवलं. जाताना बाहेरचा दिवा बदलून गेला आणि माझा नंबर घेऊन गेला. मग मेसेज सुरू झाले. 'घुबडबाई, जेवलीस का?' 'घुबडबाई, बाहेर सूर्य नावाची वस्तू उगवलीय, बघून घे.' अहोजाहोवरून अगंतुगंवर कधी आलो, कळलंच नाही. मी उत्तर संध्याकाळी द्यायचे, जरा भाव खाऊन. वाचायचे मात्र आल्या आल्या.

इकडे पेशींनी मात्र माझ्या तोंडचं पाणी पळवलं. दिवा लावला की त्या आवळायच्या, शहाण्यासारख्या. पण दिवा बंद असतानाही मनाला येईल तेव्हा आवळायच्या! कॅमेरा सगळं वेळेसकट टिपत होता, त्यामुळे लपवायचीही सोय नव्हती. शुक्रवारी समिती येणार होती. पेशी आपल्या ताब्यात आहेत हे दाखवता आलं नाही, तर प्रकल्प बंद. तीन वर्षं पाण्यात. आईनं तर फोनवर सांगूनच टाकलं, "नाही जमलं तर ये घरी. पोळी काही महाग झालेली नाही." मी हसले आणि फोन ठेवल्यावर रडले.

गुरुवारी दुपारी मी जिन्यात बसले. मांडीवर अवेळी आवळण्याच्या नोंदींचा कागद, हातात फोन. त्याला लिहिणार होते, 'मी बहुतेक परत जातेय.' बोट धजेना. मग नुसतेच त्याचे जुने मेसेज वाचत बसले. सूर्यवाला मेसेज, अकरा बारा. जेवणाचा, एक चाळीस.

कागदावर नजर गेली. अकरा बारा. एक चाळीस.

मी ताडकन उठले. एकेक वेळ ताडून पाहिली. सत्तावीस मेसेज आणि सत्तावीस नोंदी!

त्या खोलीत फोन न्यायचा नाही, हा नियम दारावर मीच लिहून लावला होता. आणि मीच, त्याची वाट पाहत, फोन मुका करून डिशशेजारी टेकवून ठेवत होते. पडदा उजळला की पेशी आवळत होत्या. बिघाड नव्हताच! लोकांना झगझगीत दिवे लागतात, त्यात पेशी होरपळतात. माझ्या प्रथिनाला फोनचा उजेडही पुरत होता. मी जिन्यातच नाचले.

पण हे सिद्ध करायचं, तर फोन तिथं का होता तेही सांगावं लागणार होतं. शुक्रवारी समितीसमोर सांगितलं. मान खाली घालून, पण सगळं.

"कोणाचे मेसेज?" अध्यक्षबाईंनी चष्मा सावरला.

"त्यांचे..." मी बोट दाखवलं. लाल काच चढवलेला मोठा पडदा जोडायला आलेला तो कोपऱ्यात पार अवघडून गेला होता.

"मग जा बाहेर आणि पाठवा. एकदा झालं तर योगायोग. तीनदा पाठवा."

दार लागलं. लाल उजेडात सगळे पडद्याकडे बघत होते. मी फोन मुका करून डिशशेजारी टेकवला.

फोन उजळला, 'जेवलीस का?' पेशी आवळल्या. फोन विझला, सुटल्या. पुन्हा उजळला, 'घाबरू नकोस, मी दाराशीच आहे.' आवळल्या, सुटल्या. तिसऱ्यांदा...

"शाबास!" अध्यक्षबाई टेबलावर थाप मारून म्हणाल्या. "असलं काही मी बघितलं नव्हतं. प्रकल्प चालू राहील. पण बाई, तुम्ही गप्प का?"

"तिसऱ्यात... प्रश्न आहे."

"मग उत्तर द्या की. आम्ही थांबतो."

तिथंच, डिशशेजारी, मी उत्तर लिहिलं. एकच अक्षर. पण ते पुसून पुन्हा लिहिण्यात फोन इतका वेळ उजळलेला राहिला की पडद्यावर सगळ्यांदेखत पेशी मूठ आवळून बसल्या त्या सुटेचनात. शेवटी पाठवलं.

धाडकन दार उघडलं.

"दार लावा आधी!" अख्खी समिती ओरडली.

तो उंबऱ्यावर उभा, धापा टाकत, तोंडभर हसू. डोळे फक्त माझ्याकडे.

"बाहेरून लावू... की आतून?"

"आतून," मी म्हणाले.