नेबाहतच्या चपला

लोदोस सुटला की माझं डोकं धरतं. समुद्रावरून येणारा हा दक्षिणेचा वारा उस्कुदारात कुणालाच मानवत नाही. दोन दिवस त्याने धिंगाणा घातला. तिसऱ्या सकाळी तो पडला आणि करवत, दोरखंड घेऊन मी नेहमीसारखा कामावर गेलो. तिथल्या जुन्या कब्रस्तानाची झाडं तीस वर्षं माझ्याकडे आहेत.

सायप्रसची सतरा झाडं आडवी झाली होती. चिरफळलेल्या लाकडाचा उग्र वास सुटला होता. मी मात्र धावत सुटलो तो माझ्या बायकोच्या, नेबाहतच्या कबरीकडे. शेजारचं झाड मुळांसकट उपटलं होतं आणि दोन शिळा चिखलात पडल्या होत्या. एक तिची. दुसरी शेजारच्या कबरीची, फार जुनी, नाव पार झिजलेली. तिथे कधी कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं.

"उस्ता, आधी फांद्या काढू, मग शिळा बसवू," शाबान म्हणाला. करवतीवरचा माणूस, माझ्याबरोबरच म्हातारा झालेला, तरी मला अजून ‘उस्ता’, म्हणजे उस्ताद, म्हणणारा.

"तुझी बायको अशी चिखलात पडली असती तर थांबला असतास का रे?"

त्याने करवत ठेवून पहार घेतली. पाल्याच्या ढिगातच, अंदाजाने, आम्ही दोन्ही शिळा उभ्या केल्या.

रोज संध्याकाळी कबरीवर पाणी घालायचं, शिळेत पाखरांसाठी कोरलेली वाटी भरायची, फातिहा म्हणायची, हा माझा नेम. नेबाहतला गार पाणी सोसायचं नाही, म्हणून मी थर्मासमधून कोमट न्यायचो. पण वादळानंतर माती ते ओतताक्षणी गट्ट करू लागली. वाटी भरली की रिकामी, आणि पाखरू एकही नाही. मला वाटलं, तहानली असेल.

"तुझ्या नुसरतला घर खायला उठतं गं," मी सांगायचो. "तुझ्या चपला अजून दाराशीच आहेत. ये ना एकदा."

एप्रिलमध्ये जांभळे आयरिस फुलले. नेबाहतच्या पायथ्याशी कंद मीच लावले होते. फुलं आली ती शेजारच्या, बिननावाच्या शिळेखाली.

"उस्ता..." शाबान पुटपुटला. "शिळांची अदलाबदल झाली."

"दिसतंय मला."

"मग इतके दिवस तुम्ही कुणाला..."

"तोंड बंद कर आणि पहार आण!"

माळी म्हणवतो मी स्वतःला! माझी नेबाहत हातभर अंतरावर कोरडी पडून होती आणि मी भलतीलाच तिच्या नावाने हाका मारत होतो. मला रडू आवरेना. आम्ही शिळा बदलल्या. नेबाहतची माफी मागितली, पाणी घातलं. ते सावकाश मुरलं. वाटीवर एक चिमणीही येऊन बसली.

मी उठलो, तेवढ्यात पाठीमागून, त्या बिननावाच्या कबरीच्या मातीतून हळूच आवाज आला.

"नुसरत... आज माझं कोमट पाणी?"

"शाबान... तू बोललास?"

"नाही उस्ता." त्याने पहार तिथेच टाकली. "चला. मागे बघू नका... चला."

वाटभर मी स्वतःला समजावत होतो. माझं नाव, कोमट पाणी, सगळं मीच तर त्या भलतीला सांगितलं होतं. तिला दुसरं काय ठाऊक असणार? आणखी काय सांगितलं होतं, ते कुलूप काढताना आठवलं: ‘ये ना एकदा.’

चपला दाराच्या आत, रोजच्याच जागी होत्या. टोकं घराकडे वळलेली, आत्ताच काढून ठेवल्यासारखी. तळांना ओली माती होती आणि दोन्हींची शिवण उसवली होती.

नेबाहतचं पाऊल तर लहान होतं.