तांबड्या पुलाच्या अलीकडे

जकार्ताजवळच्या बोगोरच्या माणसाला छत्रीशिवाय बाहेर पडणं म्हणजे अनवाणी वरातीला जाण्यासारखं वाटतं. त्या गावात पाऊस न पडलेला दिवस आजवर एकच उगवला, आणि त्या दिवशी लोकांनी घाबरून दुकानंच उघडली नाहीत म्हणतात. म्हणून दूरच्या टोबा सरोवराच्या बोटीवर, डोक्यावर लख्ख ऊन असतानाही, बोगोरच्या इमासने सवयीने आपली जांभळी छत्री उघडली. वारा टपूनच बसला होता. छत्री गेली... आणि तिच्यामागोमाग कॉफीच्या पोत्यांवर बसलेला एक दांडगा तरुण पाण्यात गेला. त्याच्या उडीने अशी लाट उठली की बोट ठरल्या वेळेच्या आधीच धक्क्याला लागली.

छत्री उंच धरून तो निथळत वर आला. "तुमची छत्री. ओली झालीय."

"तुम्हीसुद्धा," इमास म्हणाली.

"मग दोघांना वाळवूनच परत करतो. नंबर द्या."

त्याचं नाव बारिंगिन. टोबाकडच्या सिपिरोकचा, कॉफीचा व्यापारी. ती छत्री वाळायला एक अख्खं वर्ष लागलं. तोवर दोघं फोनवर बोलत राहिली – कॉफीवर, पावसावर, शेजाऱ्याच्या कोंबड्यावर... नको तितकं, आणि नेमकं हवं ते सोडून. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं तेही कळलं नाही.

आणि आज सकाळी तो बोगोरच्या स्टेशनात उतरला होता. काखेत तीच जांभळी छत्री.

"जकार्ताला मामाकडे आलोय," तो म्हणाला. "संध्याकाळी जेवायला बोलावलंय. म्हटलं, दिवसभर तुझं गाव बघावं."

"फक्त जेवायला?"

"मामाला मुलगी आहे. आमच्याकडे मामाच्या मुलीचा हक्क पहिला. आईने बजावलंय, आज ताटावरून उठायच्या आत हो की नाही ते सांगून टाक."

 इमासच्या तोंडावर बोगोरचं हसू होतं. त्या गावात नाही म्हणायची रीत नाही, आणि रडायचीही नाही. "आणि तिला काय वाटतं?"

"ती दातांची डॉक्टर होतेय. म्हणते, आधी दाढा बघते, मग ठरवते." तो मोकळेपणी हसला. दाढा चांगल्या होत्या, हे इमासने नाइलाजाने बघितलं. "बरं, आधी कुठे जायचं? मला तो बागेतला तांबडा झुलता पूल बघायचाय."

इमासचा पाय जागीच थबकला.

त्या पुलाची गोष्ट बोगोरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. लग्नाआधी जोडीने जो तो पूल ओलांडतो त्याची जोडी फुटते. इमास त्याच बागेत ऑर्किडं सांभाळायला होती. सकाळ-संध्याकाळ एकटी त्या पुलावरून बिनधास्त जायची. पण याच्यासोबत... छे. आपली जोडी कुठे आहे, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. पाय तरीही हलेना.

"पुलाला कालच रंग दिलाय. ओला असेल. आधी हरणं बघू."

बारिंगिनचा चेहरा पडेल असं तिला वाटलं होतं. तो उलट खुलला. "हरणं तर हरणं."

राजवाड्याच्या कुंपणाशी दोघांनी हरणांना गाजरं भरवली. ती हरणं इतकी लाडावलेली की गाजर सोललेलं नसेल तर तोंड फिरवतात. एकाने गाजर सोडून बारिंगिनच्या बाहीला तोंड घातलं.

"त्याला सांग, मी आधीच कुणाच्या तरी तोंडी दिलेला आहे," तो म्हणाला.

"कुणाच्या? दातांच्या डॉक्टरच्या?"

"जळतेस काय गं?"

"मी? गाजर खातेय." आणि तिने खरंच गाजराचा कडकन तुकडा मोडला.

"आता पूल?" त्याने विचारलं.

"तिथे मधमाश्यांनी पोळं केलंय. एवढं मोठं. कालच एक पाहुणा सुजून घरी गेला, बायकोने ओळखला नाही."

"अरेरे," बारिंगिन म्हणाला, आणि शीळ घालू लागला.

माणसं कोंबून नेणाऱ्या हिरव्या वडाप गाडीत दोघं गुडघ्याला गुडघा लावून बसली. गाडी प्रत्येक वळणावर झुकली की तो तिच्याकडे झुकायचा, आणि वळण संपलं तरी थोडा तसाच राहायचा. ती खिडकीबाहेर बघत होती. काय बघितलं, म्हणून कुणी विचारलं असतं तर एक दुकान सांगता आलं नसतं.

"जेवणानंतर पूल," तो म्हणाला.

"एका वेळी एकालाच सोडतात. तुझ्यासारख्या धिप्पाड माणसाला तर अर्ध्याच पुलावर."

"मग अर्धाच बघू."

"बांग," तिने फोनवरच्या लाडक्या नावाने हाक मारली, "तुला त्या पुलाचं एवढं काय वेड लागलंय?"

"तुला तो न दाखवायचं काय वेड लागलंय?"

 तो पुन्हा शीळ घालायला लागला. सगळं खुशाल चाललंय याचं, इमासच्या मनात आलं. संध्याकाळी ताटावर बसून हो म्हणेल, आणि माझी छत्री तेवढी परत मिळेल.

बागेच्या फाटकाशी बी एनोकचा, म्हणजे एनोक मावशीचा, असिनानचा गाडा होता. आंबट-तिखट पाण्यात मुरलेली फळं, वर दाणे. इमासला तिने कडेवर खेळवलं होतं, त्यामुळे जिभेला लगाम नव्हता.

"नेंग, पोरी, हा गडी कोण गं?"

"मित्र आहे, बी."

बारिंगिनचा चमचा हवेतच थांबला. दिवसभरात पहिल्यांदाच त्याचा चेहरा उतरला. पण इमास त्या वेळी वाटीतला अननस शोधत होती.

"मित्रच ना? मग तांबड्या पुलावरून फिरवून आण की. मित्रांना तिथे काही होत नाही."

"खरंच," बारिंगिन हळू आवाजात म्हणाला. "मित्रच तर आहोत. आपल्याला काय होणार?"

मिरचीचा ठसका लागला तसं इमासच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने वाटी खाली ठेवली.

"चला. तुम्हाला पूल दाखवते."

'तू'चं 'तुम्ही' झालेलं बी एनोकलाही ऐकू गेलं. तिने कपाळावर हात मारला.

पावसाने आपली रोजची वेळ चुकवली नाही. मोठमोठ्या झाडांखालून इमास पुढे, तो मागे. जांभळी छत्री त्याच्या काखेत मिटलेलीच, दोघंही भिजत होती. नदी गढूळ होऊन फुगली होती, आणि तिच्यावर तो पूल – ओला रंग नाही, मधमाशी नाही, अडवणारं कुणी नाही – नुसता तांबडा, निमूट झुलत होता.

इमास दाणदाण पावलं टाकत त्यावर चढली. जाऊ दे. फुटायचं ते फुटू दे एकदाचं. मध्यावर आली तरी मागून पावलांचा हेलकावा आला नाही. तिने वळून बघितलं.

बारिंगिन पुलाच्या अलीकडे उभा होता. खुंटीला बांधलेल्या म्हशीसारखा.

"काय झालं?" तिने ओरडून विचारलं. "सकाळपासून डोकं खाल्लंत. या आता."

"नाही येणार."

"का?"

"तूच सांगितलं होतंस. गेल्या वर्षी. तुझ्या मैत्रिणीचं ठरलेलं लग्न या पुलापायी मोडलं म्हणून. फोनवरचं आपलं दुसऱ्यांदाचं बोलणं होतं ते."

इमासला काही आठवेना. वर्षभरात ती काय काय बडबडली होती... आणि याने एवढं जपून ठेवलं होतं?

"मग दिवसभर का मागे लागला होतास?"

"बघत होतो... नेतेस का. सरळ घेऊन गेली असतीस, तर मी नुसता मित्र." तो पावसात डोळे मिचकावत म्हणाला. "तू रंग म्हणालीस, माझ्या जिवात जीव आला. मधमाश्या म्हणालीस तेव्हा तर मला नाचावंसं वाटलं. आणि मग त्या गाड्यावर म्हणालीस... मित्र."

"बी एनोकला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

इमासने पुलाचा कठडा घट्ट धरला. पूल तिच्या पायाखाली झुलत होता.

"इमास, काय कळलं असतं?"

"की मला हा पूल तुझ्याबरोबर ओलांडायची भीती वाटते," ती म्हणाली. "झालं समाधान?"

"परत ये मग. पटकन. तू मध्ये आहेस, मला धाकधूक होतेय."

ती आली. त्याने छत्री उघडली. वर्षभर वाळवलेली ती छत्री एका क्षणात भिजली, आणि दोघं तिच्याखाली अशी उभी राहिली की मधून थेंबही गेला नसता. तिथूनच त्याने फोन लावला.

"मामा, जेवायला येतोय. जावई म्हणून नाही, भाचा म्हणून. वाढाल ना?"

 पलीकडून मामाच्या मुलीचाच आवाज आला, "वाढू. दाढा बघायच्या तरी वाचल्या."

पुढे बारिंगिनची आई सिपिरोकहून एवढी कॉफी घेऊन लग्नाला आली की त्या आठवड्यात बोगोरमध्ये कुणाला झोप लागली नाही. बारिंगिन तिथलाच झाला. रविवारी दोघं बागेत फिरायला जातात. तांबडा पूल आला की तो छत्री सावरत वळतो आणि लांबच्या रस्त्याने चालू लागतो.

"अरे, हे लग्नाआधीच्यांसाठी असतं," इमास दर वेळी म्हणते. "आता काय होणारे आपल्याला?"

"काहीच नाही," तो म्हणतो. "वळसा घालतोय ना मी."