एक्केचाळिसावी नोंद

मुंगूसची चाचणी सकाळीच संपली होती. वृंदा कुंटेने अहवाल उघडला तो दुपारी, डबा खाऊन झाल्यावर.

मुंगूस हे नव्या युक्त्या स्वतःच शिकणारं चाचणी-साधन होतं. अवयवांच्या प्रतीक्षायादीच्या संकेतस्थळावर ते चोरासारखे हल्ले करी आणि सापडलेल्या चोरवाटा कळवी. हे सारं खऱ्या, चालू यादीवर. नकलेवर सगळ्या चोरवाटा दिसत नाहीत. आत शिरता येतं याचा पुरावा म्हणून ते खोटे रुग्ण नोंदवी. प्रत्येकाचं नाव ‘तपास’पासून सुरू होई, म्हणजे शेवटी ओळखून पुसायला सोपं.

चोरवाटा तीन. खोटे रुग्ण दाखल चाळीस. पुसले एक्केचाळीस.

वृंदाने आकडे पुन्हा वाचले.

“डॉक्टर, जरा इकडे येता?”

“काय, मुंगसाला साप सापडला?” यादीचे प्रमुख डॉ. देवस्थळी चहाचा कप घेऊनच आले.

तिने पुसलेली नावं दाखवली. यादीत आडनाव आधी लिहायची पद्धत होती. शेवटची ओळ: तपासे रत्नमाला, फलटण, मूत्रपिंड.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. “कधी पुसलं?”

“दहा वाजून पाच.”

“पावणेअकराला एक मूत्रपिंड वाटलं गेलं. यादीत पहिल्या ह्याच होत्या. ते दुसऱ्याला गेलं, वृंदा. शस्त्रक्रिया सुरूसुद्धा झाली.”

नोंद परत घालायला दोन सेकंद लागले. मग वृंदाने मुंगूसला विचारलं, “नाव ‘तपासे’ आहे. का पुसलंस?”

पडद्यावर उत्तर उमटलं: ‘शंका होती, म्हणून इतर खुणा पाहिल्या. नोंद सहा वर्षं जुनी. अवयव एकदाही मिळालेला नाही. माणूस खरा असता तर एव्हाना मिळाला असता.’

“रत्नमालाताईंना फोन मी करतो,” डॉक्टर म्हणाले.

“नको. चाचणी माझी होती.”

पलीकडून डायलिसिसच्या यंत्राची घरघर ऐकू येत होती. वृंदाने काहीही न वगळता सांगितलं.

“म्हणजे आज माझा नंबर लागला होता?”

“हो, ताई.”

“आन् तुमच्या मशीनला मी खोटी वाटले.”

“हो.”



“नाव परत घातलंय म्हणता. बरं.” आवाज थकलेला होता, पण रागावलेला नव्हता. “पण मॅडम, पुढच्या साली सात वर्षं व्हतील. तवा मी त्याला आणखीनच खोटी वाटंन का?”