चिखलातल्या जांभळ्या खुणा

"शनिवारी तुझं पोट दुखणार आहे," तायडीनं बोक्याला सांगितलं.

"शनिवारी नको. शनिवारी गुहा बघायच्या आहेत. वटवाघळं आहेत तिथे."

"मग काय, तुझ्या सवडीनं दुखायचं? बस शनिवारी जाणार, म्हणजे पोटही शनिवारीच दुखायला हवं."

दुपारी जेवणं उरकली की शिबिरातले सगळे आडवे व्हायचे. त्या वेळी एकाच मच्छरदाणीत तिघं कोंबून बसली होती आणि हा खल चालला होता. उकाडा तर असा, की अंघोळ करून टॉवेल वाळत घालेपर्यंत माणूस पुन्हा ओला.

तायडी सगळ्यांत मोठी. बोका तिचा सख्खा धाकटा भाऊ. ताटं मांडल्याचा आवाज झाला की हा न बोलावता हजर, म्हणून त्याचं नाव बोका. तिसरा त्यांचा मामेभाऊ. त्याला सगळं घर शंकासुर म्हणायचं. विमान ढगांच्या वर आलं, तेव्हा यानं हवाईसुंदरीला विचारलं होतं की हे ढग आहेत कशावरून. शिक्षक, पुस्तकं, घड्याळं, कोणीही त्याच्या तावडीतून सुटायचं नाही. फक्त "बाबा म्हणाले" म्हटलं की विषय संपायचा.

हे बाबा म्हणजे तायडीचा आणि बोक्याचा मामा. मामा दर सुट्टीत समुद्र ओलांडून या गावात यायचा आणि इथल्या शाळेत फुकट गणित शिकवायचा. यंदा पहिल्यांदाच त्यानं मुलांना बरोबर आणलं होतं. अट एकच होती. सोमवार ते शुक्रवार किनाऱ्यावर खारफुटीची रोपं लावायची, शनिवार-रविवार देश बघायचा.

खारफुटी खाऱ्या पाण्यात वाढते. ती दाट झाली की तिची मुळं गाळ धरून ठेवतात आणि समुद्राला गावात घुसू देत नाहीत. हे मुलांना शिकवलं झाडकाकांनी. झाडकाका शिबिराचे प्रमुख. घरापासून इतक्या लांब मराठी बोलणारा माणूस भेटल्यावर मुलं त्यांना चिकटलीच. लांब शेंगेसारखी हिरवी काडी गाळात कशी रोवायची, ते काका स्वतः गुडघाभर चिखलात उभं राहून दाखवायचे. "हळू. झोपलेल्या बाळाला पाळण्यात ठेवतो ना, तसं," असं म्हणायचे आणि काडीभोवतीचा गाळ थोपटता थोपटता गुणगुणायचे. आजवर आचारी व्हायचं ठरवलेल्या बोक्यानं, आता आपण मोठेपणी झाडकाका होणार, असं जाहीर करून टाकलं होतं.

आणि सोमवारी ती भानगड निघाली.

झालं असं, की आदल्या आठवड्यात तायडीनं कामाला जाता जाता गाडीत नखं रंगवली. रंग ओला असतानाच काड्या उचलाव्या लागल्या. एका काडीच्या खालच्या टोकाला जांभळा फरांटा उठला. तायडी नखांसाठी हळहळली, काडी गाळात रोवली आणि विसरून गेली. मग शनिवार-रविवारी सगळे धबधब्यावर जाऊन आले. सोमवारी लावायला नव्या टोपल्या आल्या, तर शंकासुराच्या हातातल्या काडीला वाळलेला गाळ चिकटलेला होता. झाडावरून नुकत्या आणलेल्या काडीला गाळ कुठून लागणार? त्यानं अंगठ्यानं तो खरवडला. खाली जांभळा फरांटा होता. तायडीनं आपलं नख शेजारी धरलं. रंग तोच होता.

शंकासुरानं खूण दाखवली नाही, नुसतं झाडकाकांना विचारलं की मागच्या आठवड्यातली रोपं दिसत कशी नाहीत. काका उसासा टाकून म्हणाले की भरतीनं नेली. इथला गाळच वाईट, काही धरत नाही, पण आपण लावत राहायचं.

"भरतीनं नेली आणि टोपलीत भरून परत दिली का?" तायडी नंतर म्हणाली.

त्या आठवड्यात तिघांनी लावायला घेतलेल्या प्रत्येक काडीच्या टोकाला जांभळी फुली मारली. आईला किती दिवस मस्का लावून मिळवलेली ती बाटली. तायडीनं ती तळापर्यंत रिकामी केली आणि तोंडातून एक अक्षर काढलं नाही.

तिला एवढी चीड यायचं कारण भिंगरी होती. भिंगरी म्हणजे नावाड्याची मुलगी, तायडीच्याच वयाची. एका जागी ठरायची नाही, म्हणून बोक्यानं तिचं हे नाव ठेवलं होतं. किनाऱ्यावरचं शेवटचं घर तिचं. तायडीचं इंग्रजी मोडकं, तिचंही मोडकं, त्यामुळे दोघींचं छान जमायचं. मोठ्या भरतीला पाणी त्यांच्या दारातून आत यायचं आणि तिची आई अंथरुणं टेबलावर चढवून ठेवायची. शिबिरं येत होती, रोपं लावली जात होती, झाडं मात्र होत नव्हती. आमचा गाळच वाईट, असं आता गावातले सगळेच म्हणत होते. शाळेचं वर्ष संपलं की घर सोडून शहरात काकाकडे जायचं, असं वडिलांनी ठरवलं होतं. शहरात नाव चालवता येत नाही आणि काकाचं घर एका खोलीचं. भिंगरीनं हे रडत सांगितलं नाही, चिखलाला लाथ मारून सांगितलं.

शनिवारी सकाळी बोक्यानं नाश्ता नको म्हटलं. स्वयंपाकघरात एकदम शांतता पसरली. आचारीण त्याच्या कपाळाला हात लावून गेली. डोळ्यांसमोर गरमागरम अंडी जात असताना पोट धरून कण्हणं सोपं नव्हतं, पण बोक्यानं ते केलं. कण्हण्यातलं अर्धंअधिक खरंच होतं. त्याच्याजवळ तायडी थांबणार होती. शंकासुर म्हणाला की मला बस लागते. मामा क्षणभर घुटमळला. बसनं हॉर्न दिला, तेव्हा आचारीणबाईंना मुलांवर लक्ष ठेवायला सांगून तो गेला.

बस वळणाआड झाल्याबरोबर तिघं मागच्या दारानं निघाली. भिंगरी वाट बघत होती. दर शनिवारी शिबिराची माणसं सडलेली रोपं काढायला येतात, एवढंच तिला ठाऊक होतं. लपायला जागा होती ती पडक्या बोटीची. खिळे लागतील म्हणून तिकडे कोणी फिरकायचं नाही. चौघं बोटीमागे पोटावर पडून राहिली.

ओहोटी होती. थोड्या वेळानं दोन मजूर रिकाम्या टोपल्या घेऊन आले आणि त्यांच्यामागे झाडकाका. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, वाकून एक काडी उपटली आणि टोपलीत टाकली. मग दुसरी उपटली. सगळी हिरवी, ताजी रोपं होती, सडलेलं एकही नव्हतं. काका भराभर उपटत होते आणि गुणगुणत होते. लावताना गुणगुणायचे तेच गाणं.

"परत दुसरीकडे नीट लावणार असतील," बोका पुटपुटला. तायडीनं त्याचं डोकं आपल्या खांद्याशी ओढून घेतलं. तिलाही आता सगळं कळलं होतं. धबधबा, गुहा, डोंगरावरचं तळं, ही त्यांना दिलेली मजा नव्हतीच. त्यांना इथून दूर ठेवायची ती सोय होती. धबधब्याखाली आपण वेड्यासारखे हसत होतो, तेव्हा इथे हे चाललं होतं, या विचारानं तिला त्या हसण्याचीच लाज वाटली.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. त्यांचे दोन्ही हात चिखलात होते, म्हणून मजुरानं फोन टोपलीच्या काठावर ठेवून स्पीकर चालू केला.

"ऐका," फोनमधून आवाज आला, "आमची तिघं आज मागे राहिलीत. तुमचं आटपेपर्यंत त्यांना किनाऱ्याकडे येऊ देऊ नका."

तो मामाचा आवाज होता.

तायडीनं शंकासुराकडे पाहायचं टाळलं. तो वाळूत बोट खुपसून नुसता पडून होता. या वेळी त्याला एकही शंका विचारायची नव्हती.

माणसं गेल्यावर उठताना भिंगरीचा पाय कशात तरी अडकला. ते मूळ होतं. बोटीच्या टोकाशी, फळकुटांच्या आडोशाला, खारफुटीची झाडं उभी होती. कुठल्या तरी जुन्या शिबिरानं लावलेली आणि उपटणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली. ती भिंगरीच्या कमरेएवढी झाली होती. पानं जाड आणि चकचकीत, खाली मुळांचे फाटे गाळात पक्के रुतलेले. भिंगरीनं एक झाड दोन्ही हातांनी ओढलं. ते हललं नाही. मग ती खाली बसली आणि ज्या गाळाला रोज लाथा मारायची, त्यावर तळवा ठेवून कितीतरी वेळ बसून राहिली.

संध्याकाळी बस परत आली. मामा खोलीत येऊन बोक्याच्या पोटाची चौकशी करून बूट काढायला बसला. शंकासुर त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"बाबा, आपण लावतो ती रोपं कुठे जातात?"

मामानं बुटाची नाडी सोडता सोडता सांगितलं, "भरतीनं वाहून जातात रे. काकांनी सांगितलं ना?"

शंकासुर आपल्या पलंगावर गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. मामानं हाक मारली तरी वळला नाही.

सोमवारी शिबिर चालवणाऱ्या संस्थेच्या मोठ्या बाई पाहणीला येणार होत्या. तोपर्यंत गप्प राहायचं तिघांनी ठरवलं. बाई आल्या. गावकरी जमले, नावाडी आला, शाळेतले सगळे शिक्षक आले. झाडकाकांनी छान भाषण केलं आणि प्रत्येकाच्या हातात एकेक काडी दिली.

तेव्हा शंकासुर पाण्याची बादली घेऊन पुढे झाला. तायडीनं जमेल तशा इंग्रजीत सगळ्यांना विनंती केली की लावण्याआधी काडीचं टोक जरा धुऊन घ्या. पाहुण्यांना वाटलं, असेल काहीतरी रीत. बाईंनी टोक बादलीत बुडवून चोळलं आणि त्यांच्या बोटांखालून जांभळी फुली वर आली. शेजारच्या मास्तरांच्या काडीवर फुली निघाली. नावाड्याच्या काडीवरही निघाली.

बाईंनी विचारलं, हे काय आहे?

"माझं नेलपॉलिश," तायडी म्हणाली. "ही रोपं आम्ही गेल्या आठवड्यात लावली होती. शनिवारी ती उपटली, आणि आज पुन्हा आमच्याच हातात दिली."

झाडकाका हसले, मग हसायचे थांबले. मग सांगू लागले की काड्या वर्षातून एकाच मोसमात मिळतात आणि शिबिरं बारा महिने येतात. एवढ्या लांबून आलेल्या माणसांना लावायला काही नाही असं कसं सांगायचं? माणसं यायची थांबली तर त्यांच्या पैशांवर चालणारी शाळाही बंद पडेल. त्यांचा आवाज खरा वाटत होता, आणि तायडीला त्याचाच जास्त राग आला.

भिंगरीनं बाईंचा हात धरून त्यांना पडक्या बोटीकडे नेलं. मागोमाग गाव गेलं. नावाड्यानं कमरेएवढं झाड पाहिलं, पाय रोवून ते ओढलं आणि सोडून दिलं. मग तो बाईंशी आपल्या भाषेत बराच वेळ बोलला. भिंगरीनं नंतर सांगितलं त्यातलं एवढंच: गाळ चांगला असेल तर मी कुठे जाऊ? मी इथेच राहीन, पण पुन्हा कोणी रोप उपटलं तर त्यानं माझ्या दारात येऊन सांगावं.

बाईंनी तिथल्या तिथे ठरवलं की यापुढे एकही रोप उपटायचं नाही आणि लागवड मोसमातच होईल, गावकऱ्यांच्या देखरेखीखाली. बाकीच्या दिवसांत शिबिरानं शाळेत काम करावं, नाहीतर येऊ नये. इतके दिवस गावाला खोटं का सांगितलं, हे झाडकाकांनी स्वतः घरोघर जाऊन सांगायचं. मग बाईंनी मुलांना पुढे बोलावलं. जे मोठ्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते या मुलांनी पाहिलं, असं त्या म्हणाल्या. टाळ्या वाजल्या आणि आचारीणबाईंनी बोक्याला दोन अंडी जास्त वाढली. झाडकाका जवळून गेले, तेव्हा मात्र तो तायडीच्या मागे लपला.

"आता मोठेपणी कोण होणार?" तिनं विचारलं.

"आचारी," तो म्हणाला, पण नेहमीच्या उत्साहानं नाही.

मामानं शंकासुराच्या खांद्यावर हात ठेवला. "शाब्बास रे. कमाल केलीत तुम्ही."

शंकासुर बाजूला सरकला. "तुला माहीत होतं."

"हो. मागच्या वर्षीच कळलं होतं." मामाचा आवाज खाली गेला. "वाटलं, बोललो तर शाळेचं काय होईल. आणि तुम्ही इतके खूश होतात..."

"मी तुला विचारलं होतं, बाबा. शनिवारी. तुझ्यासमोर उभा राहून विचारलं होतं."



पुढच्या शनिवारी बस निघाली नाही. टोपल्यांत उरलेल्या काड्या वाया जाऊ नयेत म्हणून सगळं शिबिर आणि गाव किनाऱ्यावर उतरलं. मामाही उतरला. त्यानं एक काडी रोवली, भोवती गाळ दाबला आणि पुढे सरकला. मागून शंकासुर आला. तो वाकला, त्यानं बाबांनी लावलेली काडी धरून हळूच ओढून पाहिली. ती पक्की होती. मग त्यानं तिच्या पुढचीही ओढून पाहिली.

मामा ताठ उभा राहून हे बघत होता. त्याचे हात कोपरापर्यंत चिखलात माखले होते.

"सगळ्या बघ," तो म्हणाला.

शंकासुर तोवर पुढच्या काडीपाशी वाकला होता.