दुधातून चालत आलेला बैल

खामगावच्या बाजारात कापूस घालून मी परत आलो, तो चैत्रातला दिवस होता. बैल दाराशी थांबले आणि पाणी घेऊन कोणी बाहेर आलं नाही. गाडी आली की सत्यभामा आधी बैलांच्या पायांवर पाणी घाली, मग माझ्या. अठरा वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं. मी जू सोडलं नाही, तसाच उभा राहिलो. शेजारचे नत्थुजी आले, माझ्या हातातला कासरा त्यांनी काढून घेतला, आणि मला कळलं. पटकीनं ती चार दिवसांपूर्वीच गेली होती.

सत्यभामाचं माहेर गाविलगडच्या डोंगराच्या पायथ्याशी. लहानपणी बापाबरोबर डोंगरात गेली असताना तिनं एक रानगवा पाहिला होता. अंग काळंभोर, आणि चारही पाय गुडघ्यापर्यंत पांढरे, दुधातून चालत आल्यासारखे! मी चांदूर बाजाराकडचा, काळ्या जमिनीचा माणूस. असला बैल मी कधी ऐकला नव्हता. माझा बैल पाखऱ्या पोळ्यात पहिल्या मानाचा. मागच्या साली पोळ्यात, तोरणाखाली साऱ्या गावाचे बैल उभे असताना, मी त्याच्या वशिंडावर हात ठेवून म्हणालो की याच्यावर बैल या मुलखात नाही. सत्यभामा ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. ती सहज बोलून गेली, "मी जो पाह्यला त्याच्यापुढं तुमचा पाखऱ्या वासरू दिसन."

लोक हसले. मला ते लागलं.

"मंग खूर आणून दाखव त्याचा," मी सगळ्यांसमोर म्हणालो. "नाही तं खोटं बोलून राहिली म्हन."

तिनं पाखऱ्याला ओवाळलं आणि घरी गेली. त्या कार्तिकात ती म्हणाली, चला, दाखवते. मी म्हणालो, वेचणी होऊ दे. विलायतेला कापूस हवा होता, भाव चढत होता, आणि वेचणी झाली असं कोणी म्हणतच नव्हतं.

यंदाच्या पोळ्यात मी पाखऱ्याला नेलं नाही. कार्तिक सरत आला, बोंडं फुटून शेत पांढरं झालं, आणि मी निघालो. जाण्याआधी पाखऱ्याच्या खुरापासून वशिंडापर्यंत सुतळी धरली आणि तिथं गाठ मारली. नत्थुजींनी विचारलं, कापूस टाकून कुठं? बैल पाहायला, मी सांगितलं.

"येडा झाला काय, शेषराव?" ते म्हणाले. मग हसले. "जा बापा. येतानी खूर आणजो."

सासुरवाडीला मेहुणा खुशालराव तोड्याची बंदूक घेऊन तयार होता. त्यानं सुकाजी नावाच्या कोरकू वाटाड्याला बरोबर घेतलं. डोंगरात एका झऱ्याकाठी खारी माती आहे, ती चाटायला गवे येतात, हे सुकाजीला ठाऊक होतं. आम्ही तिघं उजाडताच निघालो.

रान पिवळं पडलं होतं. सागाची पानं ताटाएवढी, किड्यांनी चाळणी केलेली, वारा नसतानाही एकेक करून खाली येत होती, आणि माणसाच्या उंचीचं गवत सकाळच्या उन्हात पिकल्या ज्वारीसारखं चमकत होतं. कोळ्यांच्या जाळ्यांवर दंव होतं. एक शेकरू तांबडी शेपटी सोडून या झाडावरून त्या झाडावर झेपावली. रानकोंबडा ओरडला. चितळांचा कळप आमच्याकडे पाहत राहिला आणि मग सावकाश चरायला लागला. ती गेल्यापासून आठ महिन्यांत मी कशाकडे नीट पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिलं. या रानात ती वाढली, याचा मला अभिमान वाटला. लग्नानंतर तिला रोज सपाट शेतं पाहावी लागली, हे तेव्हाच मनात आलं.

दुपारी कडा लागला. पायाखालचे दगड निसटत होते. सुकाजी माकडासारखा चढला. माझा पाय घसरला! खुशालरावानं फेटा खाली सोडला, त्याला धरून मी वर आलो. हाताची साल निघाली होती. वर पोचतो तोच सुकाजीनं बोट ओठांवर ठेवलं. पंधरा पावलांवर एक अस्वल वारूळ उकरत होतं. आम्ही श्वास रोखला. अस्वलानं नाक वर केलं. दोन पायांवर उभं राहिलं! मग फुरफुरत ते झुडपात शिरलं आणि बराच वेळ फांद्या मोडल्याचा आवाज येत राहिला.

ऊन कलताना आम्ही झऱ्याशी पोचलो. वारा आमच्याकडे येत होता. खडकाआड बसलो.

तो एकटाच आला. काळा, तुळतुळीत, पाठीवर डोंगराची धार असावी तसा उंचवटा. आणि पाय पांढरे! चारही! गुडघ्यापर्यंत, जणू दुधातून चालत आला!

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सुतळी काढली आणि उभा राहिलो. गव्यानं मला पाहिलं. तो हळूच वळला आणि आडवा उभा राहिला, सगळी कूस माझ्याकडे करून. माझा पाखऱ्या हात फिरवून घ्यायला असाच उभा राहतो. मला वाटलं, हा माप देतो आहे. मी चुचकारलं, "हो राजा, हो," आणि दोन पावलं पुढे गेलो.

सुकाजीनं माझं धोतर ओढलं. "पाटील, आडवा झाला म्हंजे राग आला!"

गव्यानं फूत्कार टाकला. डोकं खाली. आला! मी खडकांच्या फटीत उडी घेतली. शिंग दगडावर आपटलं. ठिणगी उडाली! माती माझ्या तोंडात गेली. डोळे उघडले तर हातभर अंतरावर दोन पांढरे पाय होते आणि त्यांच्या टोकाला काळे खूर.

वरून खुशालरावाचा आवाज आला. त्यानं नेम धरला होता. "भाऊजी, हलू नका. शिंगं अन् खूर, सारं घेऊन जाऊ. गावाचं तोंड बंद होईन."

"बंदूक खाली घे."

"मंग गावाले दाखवता काय?"

"तिनं मले काय दाखवलं होतं?" मी म्हणालो. "नुसतं सांगितलं होतं. तेवढंच पुरे होतं."

बंदूक वाजली नाही. गवा काही वेळ वर उभा राहिला. मग खूर उचलले, वळला, आणि कसलीच घाई नसल्यासारखा गवतात निघून गेला.

झऱ्याकाठच्या धावड्याच्या झाडावर त्यानं येताना पाठ घासली होती. खोडाला लागलेला चिखल अजून ओला होता. मी सुतळी लावली. पाखऱ्याची गाठ त्या खुणेच्या खाली राहिली, चांगली हातभर! मी तिथं दुसरी गाठ मारली. खुशालराव हसला आणि म्हणाला, वासरूच निघालं की. मीही हसलो. किती दिवसांनी हसलो, ठाऊक नाही.

गावी आलो तेव्हा कापूस निम्मा गळून मातीत पडला होता. नत्थुजी ओट्यावरच होते.

"खूर आणला काय?"

"नाही."

"मंग पाह्यलं तरी काय?"

पोळ्यात सांगीन, एवढंच मी म्हणालो. मी तिला खोटी म्हणालो, ते तोरणाखाली, साऱ्या गावासमोर. ते मागे घ्यायचं तर तिथंच, पाखऱ्याला शेजारी उभा करून, हातात ही सुतळी धरून. पोळ्याला अजून नऊ महिने आहेत. तेवढं राहिलं आहे.