सावडीला आलेला अकरावा

त्या दुपारी वाळत घातलेल्या मिरच्यांवर एक चक्कर मारून मी पेढीवर आलो आणि चहा सांगितला. भुताटकीची ही काही वेळ नव्हे, हे मलाही कळतं.

माझी लेक नूतन मिरचीच्या रोगावर पीएच.डी. करते. पानांचे लाखभर फोटो कॉम्प्युटरवर तपासून शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता. नाहीतर सहा वर्षं पाण्यात. एकट्या कॉम्प्युटरला महिना लागणार होता. ती म्हणाली, "ग्रिड करू, बाबा. दुपारी व्यापाऱ्यांचे कॉम्प्युटर झोपलेलेच असतात. कामाचे तुकडे करून सगळ्यांना वाटायचे."

मी सातवी शिकलेला माणूस, पण लगेच उमगलं. ही तर सावड! आज तुम्ही माझ्या शेतात, उद्या मी तुमच्या. याच शब्दावर माझी धरून दहा पेढ्या राजी केल्या.

कॉम्प्युटर दुरुस्तीवाला शहजाद नूतनसोबत पडद्यासमोर बसला होता. बोलता बोलता त्यानं पडद्यावर बोट टेकवलं.

"शेठ... मी तं दहाच जोडेल शेतस. हाऊ अकरावा कोन शे?"

नाव होतं, रतिलाल.

रतिलाल माझ्या शेजारच्या पेढीवरचा. होळीला वारला. त्याचा कॉम्प्युटर माझ्याच गोदामात, गोणपाटात बांधलेला. वायर नाही, काही नाही. आम्ही तिघं गोदामात गेलो. अंधार, मिरचीचा ठसका, आणि त्यात हलकासा... रतिलालच्या तपकिरीचा वास. गोणपाटातून घरघर येत होती. हात लावला. गरम.

"सोडी देखू?" शहजाद कुजबुजला.

"नको," नूतन म्हणाली. "सगळ्यात जास्त काम काकाच करी ऱ्हायनात..."

खरं सांगतो, भीतीआधी मला रागच आला. जिवंतपणी या माणसानं स्वतःचा चहाचा कप उचलून ठेवला नाही!

गुरुवारी काम झालं, प्रबंध वेळेत गेला. शहजादनं सगळी जोडणी काढून टाकली. आणि सोमवारी दुपारी दहाही पेढ्यांवरचे कॉम्प्युटर आपोआप सुरू झाले. काम एकच, रतिलालचं. एक चित्र, खालून वर, ओळीओळीनं भरत होतं.

"शेठ, वायर उपटू?"

"ऱ्हाऊ दे, भाऊ. मी शब्द देयेल शे. सावड फेडनी पडस."

नूतन म्हणते, पुढं जगभरची यंत्रं अशीच जोडली जातील. काम कुठं होतंय, कुणाचं होतंय, कुणी विचारणारही नाही. न विचारलेलंच बरं. चित्र आता गुडघ्यापर्यंत आलंय. पाय रतिलालचेच, पण चप्पल नवी आहे. सोमवारी पेढीच्या पायरीवरून नाहीशी झालेली... माझीच.