कोपऱ्यातलं गवत

पहिल्या दिवशी तो आला तेव्हा बाबा सुटे भाग आणायला गेले होते, म्हणून त्याच्या वाट्याला मी आले. नाहीतर आमच्या वर्कशॉपसमोरच्या खेळाच्या मैदानाची देखभाल करणारा हा माणूस बाबांशी दोन शब्द बोलून निघून गेला असता. गवत कापायची गाडी, ती बसून चालवायची, छोट्या ट्रॅक्टरसारखी, त्याने वर्कशॉपच्या दारात उभी केली.

"मेकॅनिक कुठायत?"

"तुमच्यासमोर."

तो ओशाळला... पण हसला छान. इंजिन चालत होतं, खालची पाती फिरत नव्हती. पट्टा पार झिजला होता. मी तासाभरात बदलून दिला.

त्यानंतर ती गाडी दोनदा परत आली. तक्रार एकच: पाती मधेच थांबतात, आणि तेही मैदानाच्या आमच्या दारासमोरच्या कोपऱ्यातच. मी क्लच खोलला, वायरी तपासल्या, अंगणात तासभर चालवून पाहिली. गाडी अगदी शहाण्यासारखी वागली.

"आले बघ तुझे गवतवाले," दादा चिडवायचा. बाबा मात्र हसत नव्हते. बागेच्या यंत्रांचं काम त्यांनी यंदाच माझ्यावर सोपवलं होतं. "चौथ्यांदा आली तर मी स्वतः बघेन," एवढंच म्हणाले. मला ते फार झोंबलं. त्यांनी एकदा हात घातला असता तर ते काम पुन्हा माझं राहिलं नसतं.

म्हणून शुक्रवारी सकाळी मीच मैदानावर गेले.

"चालवा. मी बघते."

"तुम्ही बघत असलात की... हात थरथरतात माझे."

"हात थरथरल्याने पाती थांबत नाहीत. चालवा."

कापलेल्या गवताचा ओला वास सुटला. त्या कोपऱ्यातून त्याने चार फेऱ्या मारल्या, पाती एकदाही अडखळली नाहीत.

"तुम्हाला घाबरते बहुतेक," तो म्हणाला.

"गाडीच ना?"

मी वैतागून परतले. पाना हातात घेते न घेते तोच समोरचा आवाज बदलला. इंजिन चालू, पाती बंद. मी मान वर केली.

कुंपणाच्या झुडपांवरून त्याचं डोकं दिसत होतं, खांदेही. बसलेला माणूस तिथून दिसूच शकत नाही. तो सीटवरून अर्धवट उठला होता, आणि मान उंच करून थेट आमच्या दारात बघत होता. माझी कानशिलं गरम झाली. मी तरातरा रस्ता ओलांडला.

"सीटखाली एक स्विच असतो. चालवणारा उठला की पाती बंद. पडलाबिडला तर पाय जाऊ नयेत म्हणून."

"मी कुठे उठतो?"

"इथे उठता. आत्ताच पाहिलं मी."

त्याने टोपी काढली, पुन्हा घातली. "खरंच ध्यानात आलं नाही हो. तुम्ही आहात का... एवढंच बघत होतो." मग त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. "आता लपवून काय उपयोग? तुम्ही मला आवडता. पट्टा बदललात त्या दिवसापासून."

आवडलं मला ते. फार आवडलं. पण त्याच्या उठण्यापायी क्लच उगाच मी खोलला होता, आणि शंका माझ्या कामावर आली होती.

"आधी बाबांना सांगा, माझ्या कामात खोट नव्हती."

"कारण विचारलं तर?"

"खरं सांगायचं."

त्याचा चेहरा उतरला, पण पावलं अडली नाहीत. बाबांसमोर उभं राहून त्याने सगळं सांगितलं, स्विचचं आणि उठण्याचं. दादाचा हातोडा मधेच थांबला.

"म्हणजे हिचं काम बरोबर होतं," बाबा म्हणाले.

"अगदी चोख."

"आणि उठून काय बघत होता?"

"यांना," तो म्हणाला. "मला त्या आवडतात. त्यांचं काय ते... अजून विचारलेलं नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"मलाही आवडतात. आणि बाबा, या गाडीचं काम यापुढेही मीच करणार."

"तुझंच आहे ते," बाबा म्हणाले. मग स्टूल पुढे सरकवून त्याला बसायची खूण केली आणि दादाकडे वळले.

"चहा टाक रे. चौघांचा."